मंगळवारचं उंडारणं

मंगळवार, १४ जानेवारी

लिओनानं आज मला घराबाहेर काढलं. जेवणाची ताटं अजून टेबलावर तशीच होती, तर म्हणाली, "कोट घाल आणि जा कुठंतरी. चहाच्या वेळेआधी तोंड दाखवू नकोस." कुठं जाऊ, म्हटलं. "ते पण मीच सांगायचं, तर मग मीच जाते की." आणि हसली नाही. नोव्हेंबरात अर्धांगाचा झटका आल्यापासून ती हसतच नाही. तोंडाची उजवी बाजू आता सरळ झाली आहे, बोलणं स्वच्छ आहे, म्हणजे हसता येत नाही असं नव्हे. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला की तिथंच राहतो.

गेले. चर्चच्या आवारात गाडी लावली आणि हीटर चालू ठेवून पेट्रोल जाळत बसले. डोक्यात एकच — ती एकटी आहे, किटली उचलायला गेली तर? समोरच्या हॉलिसला सांगून आले होते, जरा लक्ष ठेव म्हणून. तो म्हणाला, "ठेवतो की. बोट पोराला दिल्यापासून मला तुमच्या घराकडे बघण्याशिवाय दुसरा उद्योग तरी काय आहे?"

परत आल्यावर लिओनाचा पहिला प्रश्न — "काय पाहिलंस?" काही नाही, म्हटलं. "एवढा वेळ लावून?"

मी सहासष्ट वर्षांची बाई. माझी बहीण मला खेळायला बाहेर पाठवते आहे.

बुधवार, १५ जानेवारी

कांद्याच्या सालींत लोकर उकळली. पिवळा बरा आला. बाकी काही नाही.

मंगळवार, २१ जानेवारी

पुन्हा हाकललं. या वेळी मी शहाणपणा केला — ब्रिजवॉटरला जाऊन तिच्या गोळ्या, बटाटे आणि शेडच्या दाराला बिजागऱ्या घेऊन आले. वाटलं, शाबासकी मिळेल.

"ही कामं झाली, अर्मा. मी तुला उंडारायला पाठवलं होतं." मग म्हणाली, एकटीनं जायचं, कामाचं काही करायचं नाही, उपयोगाचं काही आणायचं नाही, फोनवर फोटो काढायचे नाहीत, आणि आल्यावर मला सांगायचं. मी म्हटलं, हे कुणी ठरवलं? तर म्हणे, "मी. तुला काय वाटत होतं, मी दर मंगळवारी कुठं जायचे?"

मला वाटायचं लोकरीच्या गिरणीत. नाहीतर बँकेत. इतकी वर्षं मी तेच धरून चालले होते. आज कळलं, बाईसाहेब फेरीबोटीत बसून नुसत्या नदीच्या या काठावरून त्या काठावर जायच्या. जुन्या बाजारात लोकांच्या मोडक्या खुर्च्या बघायच्या. एकदा तर अख्खी दुपार कुणाच्या तरी बैलांच्या गोठ्यात काढली म्हणे. आणि मी त्या वेळी रंगाच्या पातेल्यांवर उभी, कोपरापर्यंत लाल!

भांडी जरा आपटूनच घासली. तिनं ऐकलं असेल. ऐकू दे.

गुरुवार, २३ जानेवारी

अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये गालिच्यावाल्या बायकांची बैठक. चहा, ओटकेक आणि सगळ्या गावाची खबरबात. आकडीनं गोणपाटातून लोकरीच्या पट्ट्या ओढता ओढता तोंडं चालू. मला बरं वाटतं तिथं.

पण आज पर्ल वेन्टझेलनं विषय काढलाच. जूनच्या पहिल्या शनिवारी आमचं दुकान उघडतं. त्या दिवशी दारावर वर्षाचा नवा गालिचा लागतो, आणि यंदा लिओनानं काय काढलंय ते बघायला अख्खं गाव येतं. दुकान कसलं, घराची पुढची खोली. पण अडतीस वर्षं एकही जून चुकलेला नाही. गोणपाटावर कोळशानं चित्र लिओना काढणार, रंग आणि ओढणं माझं. पर्ल म्हणाली, "यंदा गोणपाटावर आधीच छापलेला नमुना घे ना. दीपस्तंभाचे किती छान मिळतात. कुणी नावं ठेवणार नाही." सगळ्या माना हलल्या. सगळ्या चांगल्याच बायका आहेत. तिथल्या तिथं पर्लच्या चहात मीठ घालावंसं वाटलं.

छापील दीपस्तंभ दारावर लावण्यापेक्षा दार बंद ठेवीन. घरी येऊन लिओनाला हे सांगितलं नाही.

मंगळवार, २८ जानेवारी

वादळ. गेले नाही. लिओना तोंड फुगवून बसली. "वादळात बघायला जास्त असतं."

मंगळवार, ४ फेब्रुवारी

फेरीबोट. तिचंच ऐकून गेले. केबलला धरून ती बोट नदी ओलांडते, पलीकडे पोचायला चहा निवायला लागतो तेवढाच वेळ. मी पलीकडे गेले आणि गाडी फिरवून परत रांगेत. तिकीटवाल्यानं पहिल्यांदा बघितलं, दुसऱ्यांदा बघितलं, तिसऱ्यांदा म्हणाला, "काही हरवलंय का, बाई?" मी म्हटलं, नाही, मी उंडारतेय. त्यानं अगदी गंभीरपणे मान हलवली. मला वाटतं लिओना त्याच्या ओळखीची असणार.

घरी येऊन मोठ्या दिमाखात सांगितलं — एका पिकअपमध्ये पुढच्या सीटवर कुत्रा होता आणि त्याला सीटचा पट्टा लावला होता, माणसाला लावतात तसा.

"कुठल्या रंगाचा?" तपकिरी. "कसला तपकिरी? काकवीचा की चिखलाचा? कान उभे की पडलेले? तो पुढं बघत होता की मालकाकडं?" मला एकाही प्रश्नाचं उत्तर येईना. "म्हणजे तू कुत्रा पाहिलाच नाहीस," ती म्हणाली. "कुत्रा आहे एवढंच पाहिलंस."

तोंडावर असं बोलते. पण रात्र झाली तरी तो कुत्रा डोक्यातून जाईना. कान कसे होते त्याचे?

मंगळवार, ११ फेब्रुवारी

पुन्हा फेरीबोट. कुत्रा आला नाही. पण त्याच्याऐवजी तिकीटवाल्याचे हातमोजे बघितले. उजव्याचा अंगठा फाटलेला, आत दुसरा मोजा, तो लाल. पैसे घेताना तो लाल अंगठा दरवेळी आधी बाहेर येतो. लिओनाला सांगितलं. तिनं डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाली, "लाल कसला?" — आणि मला माहीत होतं! खोकल्याच्या जुन्या औषधाचा.

"हं," म्हणाली. तिचं 'हं' म्हणजे पुष्कळ झालं.

शनिवार, १५ फेब्रुवारी

माशाच्या टिक्क्या करताना बटाट्याच्या सालीकडे बघत उभी राहिले. तवा जळला.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आज काहीतरी झालं ते नीट लिहून ठेवते.

थंडी अशी की नाकातला श्वास गोठावा. मी गाडी बोटींच्या धक्क्यावर ठेवून पायीच निघाले. पर्लच्या घरावरून जाताना बघते तर बाई अंगणात दोरीवरचे कपडे काढायला आलेली. असल्या थंडीत तिनं कपडे बाहेर वाळत घातले होते. तिची आई घालायची, म्हणून ही घालते. सगळे गोठून फळीसारखे. तिनं नवऱ्याचे, बर्टनचे, शर्ट बगलेत धरले आणि दाराकडे चालली, बाह्या दोन्ही बाजूंना ताठ. आणि बर्टनची ती लांब आतली विजार! ती दारातून आत जाईना. पर्लनं ती पायरीशी भिंतीला टेकवून उभी केली आणि बाकीचे कपडे ठेवायला आत गेली. विजार एकटीच उभी. कुणीतरी दार उघडायची वाट बघत असावं तशी.

मी रस्त्यावर उभी राहून हसले. आणि हसता हसता खालचा बर्फ दिसला. विजारीची सावली करडी नव्हती, जांभळट होती. फिकी, वाळलेल्या लव्हेंडरसारखी. आयुष्यभर मी गालिच्यातल्या बर्फाला पांढऱ्या आणि करड्या पट्ट्या ओढत आले. कुणी विचारलं असतं तर शपथेवर सांगितलं असतं की सावली करडी असते.

लिओनाला सगळं सांगितलं. विजारीचं ऐकून तिच्या डाव्या गालावर जरासं काहीतरी हललं. हसू म्हणता येणार नाही. सावलीचंही सांगितलं. मग म्हणाली, "ती मला पंचवीस वर्षांपूर्वी दिसली होती. तुला सांगितलंही होतं. तू म्हणालीस, जांभळी लोकर महाग पडते."

बुधवार, १९ फेब्रुवारी

आईच्या जुन्या करड्या कोटाचा तुकडा जांभळ्यात बुडवला. जास्त झाला. पुन्हा धुतला. तिसऱ्या पातेल्यात आली ती सावली. दिवसभर दुसरं काही केलं नाही, कोबी आंबवून सावरक्राउट लावायचं राहिलं, आणि मला वाईटही वाटलं नाही.

मंगळवार, ४ मार्च

शाळांना बर्फाची सुट्टी. टेकडीवर घसरगुंडी करणारी पोरं बघायला गेले. नुसतं बघायला! एका छोट्या मुलीनं मला आपली फाटकी गोणी दिली आणि विचारलं, "तुम्हाला ढकलू का?" मी नको म्हणायच्या आत तिनं ढकललंही.

खाली पोचेपर्यंत मी ओरडत होते. टोपी कुठं, मी कुठं. हाडं सगळी जागेवर आहेत. लिओना म्हणाली, "आता कसा तुझ्या तोंडावर रंग आलाय." मग विचारलं, "वरून खाली येताना काय दिसलं?" मी म्हटलं, काही नाही, डोळे घट्ट मिटले होते. "असू दे. ते पण चालतं कधीकधी."

बुधवार, १२ मार्च

वाईट दिवस.

सिमोन आली होती, घरी येऊन व्यायाम घेते ती. गोड मुलगी. तिनं खडू आणले होते, म्हणाली, डाव्या हातानं काढून बघा, मेंदूला चांगलं असतं, सुरुवातीला वेडंवाकडं आलं तरी काय झालं. लिओनानं खडूंची पेटी डाव्या हातानं टेबलावरून सरकवत सरकवत कडेपर्यंत नेली आणि खाली पाडली. "डाव्या हातानं मी सूप पिते. तेवढं पुरे. मी काय बालवाडीत आहे?"

सिमोन गेल्यावर मी खडू गोळा करत म्हटलं, एकदा करून बघायला काय हरकत आहे. ती म्हणाली, "माझी रेघ गेली, अर्मा. हाताबरोबर गेली. तिच्या नावानं मेणबत्त्या लावत बसू नकोस. तू काढ. मी तुला कशासाठी बाहेर पाठवतेय?"

मग शेडमध्ये जाऊन रडले. माझ्यासाठी नाही. तिचं चित्र गोणपाटावर उतरताना मी चार दशकं बाजूला उभी राहिले आहे. ती कोळसा न उचलता एका दमात बोटीचा पूर्ण काठ काढायची. मला तिच्या जागी बसायचं नाही. कुणी मला हे विचारलेलंच नाही.

मंगळवार, १८ मार्च

गेले. जुन्या बाजारात. चहाच्या किटल्यांची झाकणं. एकही झाकण आपल्या किटलीचं नाही. सांगितलं. "हं."

मंगळवार, २५ मार्च

ढगाळ. खाडीवरचा बर्फ फुटायला लागलाय. तुकडे एकमेकांवर चढतात तेव्हा आवाज येतो, स्वयंपाकघरात कुणी हळूच ताटं रचत असल्यासारखा. बराच वेळ ऐकत बसले. बघायचं विसरले. 

मंगळवार, ८ एप्रिल

खाटकाकडे मांस गुंडाळायचा कागद मिळतो, त्यावर घरात कुणाचं लक्ष नसताना काढून बघितलं. बर्टनची विजार. दिसायला बेकरीतला पाव झाला. दुसरी काढली. दोन पाव.

गुरुवार, १७ एप्रिल

पर्लनं खरंच दीपस्तंभाचा छापील नमुना आणून दिला. भेट म्हणून, रिबिन बांधून. तिच्या मनात काही वाईट नाही. मी घेतला, आभार मानले. घरी आणून जिन्याखाली ठेवला. जूनला दीड महिना.

मंगळवार, २२ एप्रिल

काढलं. खऱ्या गोणपाटावर, खऱ्या कोळशानं. पर्लचा पोर्च, पायरी, आणि भिंतीला टेकून उभी ती विजार, शर्टांची रांग, दारातून आत गेलेल्या पर्लची फक्त टाच. आज उंडारायला गेलेच नाही, शेडमध्येच बसले. चारी बाजूंना किनार काढली, बर्टनची सुतारकामाची पट्टी आणून, एकदम सरळ. मला माहीत आहे मी चित्रकार नाही. पण ती किनार बघून मला माझाच अभिमान वाटला.

बुधवार, २३ एप्रिल

लिओना हसली!

गोणपाट ताणलेली चौकट तिच्यासमोर ठेवली. तिनं चित्र बघितलं, बराच वेळ. मग किनारीकडं नजर गेली. मग माझ्याकडं. "ही किनार कशानं काढलीस?" पट्टीनं, म्हटलं. सरळ यावी म्हणून.

आधी तिच्या खांद्यातून आलं. मग तोंडातून. मग डोळ्यांतून पाणी. तिला बोलता येईना, मला वाटलं परत झटका आला, मी फोनकडे धावले तर डावा हात हलवून नको नको करते. शेवटी म्हणाली, "चाळीस वर्षं... चाळीस वर्षं गोणपाट ओढतेस आणि धाग्याकडे कधी बघितलं नाहीस?"

इथल्या पाच वर्षांच्या पोरीलाही ठाऊक असतं म्हणे. गोणपाटावर किनार पट्टीनं काढायची नसते. पेन्सिल दोन धाग्यांमधल्या सरीत टाकायची आणि ओढत न्यायची, ती आपोआप धाग्याबरोबर जाते. धागा वाकडा असेल तर किनारही वाकडी दिसेल, दिसू दे, कारण गालिचा चौकटीवरून उतरवल्यावर कापड धाग्यावरच येऊन बसतं. माझी पट्टीनं मारलेली सरळ किनार धागे कापत तिरकी जात होती. ओढून झाल्यावर गालिचा पतंगासारखा तिरपा झाला असता. आणि पाच वर्षांच्या पोरीला जे कळतं ते मला का माहीत नव्हतं? कारण किनार नेहमी तिनं काढलेली असायची.

मीही हसले. हॉलिस मासा द्यायला आला होता तो दारात उभा राहून म्हणाला, "कुणी मेलं का?" त्याला सांगितलं तर तोही. गावभर होणार आता.

तिचं ते हसणं. तेवढ्यासाठी मी आणखी दहा किनारी पट्टीनं मारीन.

गुरुवार, २४ एप्रिल

किनार पुसून पुन्हा काढली. सरीतून पेन्सिल नेताना हाताला कळतं, कुणीतरी वाट धरून नेतंय. लिओना शेजारी बसून "हळू, हळू, तिथं गाठ आहे" सांगत होती. चित्राबद्दल एवढंच म्हणाली, "पाय लांब झालेत. पण विजारीचे पाय लांबच असतात."

मंगळवार, २९ एप्रिल

वाटलं, आता काढून झालंय तर हिची मंगळवारची सक्ती संपली. कसली संपते. "काढून झालं म्हणून डोळे मिटायचे का?" मी म्हटलं, ओढायचं काम डोंगराएवढं पडलंय. "संध्याकाळी ओढ. आता जा." जवळजवळ ढकललंच. हॉलिस येतो म्हणाला, पत्ते खेळायला. मी तिला म्हटलं, एका हातानं पत्ते? "तो मुळातच इतका वाईट खेळतो की मला एक हात पुरतो."

गेले. लॉबस्टर पकडायच्या पिंजऱ्यांचे ढिगारे बघितले. प्रत्येक बोटीच्या बोयांचे, पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांचे, रंग वेगळे. एकाच माणसाच्या बोया बघून त्याचा स्वभाव सांगता येईल असं वाटलं.

सोमवार, ५ मे

ओढतेय. विजारीची सावली झाली. तिसऱ्या पातेल्याचीच लोकर.

मंगळवार, १३ मे

दुकानाची खोली झाडली. लिओनाचे जुने गालिचे टांगले, मागच्या वर्षीचे, त्याच्या आधीचे. काकांची बोट. बैल. पूर आलेल्या नदीत तरंगणारी चर्चची खुर्ची. तिच्या रेघांना घाई नसते. हात लावून बघितलं.

आज कुठंच जायचं नव्हतं, तरी गेले. पाऊस. बेकरीत बसून लोकांच्या ओल्या टोप्या बघितल्या.

शनिवार, २४ मे

झाला. शेवटची पट्टी ओढली, कड शिवली, उतरवला. चौकोनी! चारी कोपरे जागेवर. पर्लला दाखवला, कारण तिचीच पायरी आहे. ती आधी लाजली, मग बर्टनला बोलवायला धावली, आणि बर्टन म्हणाला, "माझी विजार दारावर लावणार?" मग स्वतःच सगळ्यांना फोन करायला लागला.

लिओनानं डावा हात गालिच्यावर फिरवला. म्हणाली, "चांगला आहे, अर्मा." नुसतं 'हं' नाही. पूर्ण वाक्य.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला पण. दुकान उघडणार, दारावर आमचा गालिचा लागणार, जून चुकणार नाही. चाळीस वर्षं मी बघत नव्हते ते आता बघते, आणि बघायला मजा येते हेही खरं. पण या वहीत खोटं कशाला लिहू — मला दारावर तिचा गालिचा हवा होता. माझा नाही. तिनं पुन्हा कोळसा हातात धरावा म्हणून मी हा माझा गालिचा जाळून टाकला असता. ते होणार नाही. तिनं स्वतःच सांगितलंय. हे मी तिला कधीच बोलणार नाही.

मंगळवार, २७ मे

धुकं इतकं की फेरीबोट बंद. बेकरी मंगळवारची लवकर मिटते. थंडी वाजायला लागली म्हणून चहाच्या पुष्कळ आधी घरी परतले. गाडी खालीच ठेवून मागच्या दारानं.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसलं. चौकटीवर नवं गोणपाट. हॉलिस चौकटीच्या दोन्ही बाजू धरून गुडघ्यांवर बसलेला. लिओना समोर. डाव्या हातात कोळसा, कोपरापर्यंत काळी, जीभ दातांत धरलेली. "हलवू नकोस रे गाढवा," म्हणाली, "मला जेमतेम एक बोटीचा काठ जमतोय." काय काढत होती ते तिच्या पाठीआडून दिसलं नाही. पण हॉलिसच्या मागं भिंतीशी गोणपाटाच्या तुकड्यांचा ढीग होता, कोळशानं भरलेले, एकावर एक, गुडघ्याएवढा. एवढे एका मंगळवारात होत नाहीत.

म्हणजे जानेवारीपासून मी कुणासाठी घराबाहेर पडत होते?

हॉलिसनं मला बघितलं. चौकट न सोडता हनुवटीनं खूण केली — जा. मी गेले. चर्चच्या आवारात गाडीत बसून मनसोक्त रडले, हीटर लावून. चहाच्या वेळेला पुढच्या दारानं आले, पायरीवर बूट जरा जोरातच आपटले.

लिओना खिडकीशी बसली होती. हात स्वच्छ धुतलेले.

"काय पाहिलंस?"

"धुकं," म्हटलं. "धुक्यात काय दिसणार?"